विभूतीच्या झाडाला पाणी

माझी बायको मल्लम्मा मागच्या ज्येष्ठात गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. दोन वर्षं मी तिला उदगीरहून लातूरला डायलिसिसला नेत होतो. डॉक्टरांनी तिचं पाणी बांधून दिलं होतं. दिवसाला एक बाटली, चहा अन् वरण त्यातच धरायचं. ती बाटली माझ्या ताब्यात असायची. उन्हाळ्यात ती ओठांवरून जीभ फिरवत माझ्याकडं बघायची अन् मी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावायचो. डॉक्टरांचं ऐकलं नसतं तर ती वर्षभर आधीच गेली असती. हे अगोदर सांगतो, कारण पुढं लोक काय बोलले ते याशिवाय कळणार नाही.

माझं नाव बसवंत. मोंढ्यात आडतीचं दुकान होतं, तिच्या आजारपणात बंद केलं. आम्हाला मूल झालं नाही. शेजारच्या घरात माझा धाकटा भाऊ ईश्वरप्पा अन् त्याची बायको बसम्मा राहतात. घरं दोन, अंगण एक. त्या अंगणात जिथं दिवसभर ऊन तापतं तिथं मल्लम्मानं पांढरी झाडं लावली होती.

पांढरी म्हणजे फुलं नाहीत, पानंच पांढरी. पहिलं रोप तिनं बिदरच्या नर्सरीतून आणलं. नर्सरीवाल्यानं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं, ते तिथंच राहिलं. मल्लम्मा त्याला विभूतीचं झाड म्हणायची. पानावर बारीक लव असते. लांबून बघितलं की कुणी झाडाला भस्म फासलंय असं वाटतं. आजूबाजूला मरवा होता, पण तिचा जीव विभूतीवर. गुडघ्याएवढं वाढायचं, वर्षानुवर्षं टिकायचं. अंगण सगळं भाजून निघालं, शेजारच्यांची जास्वंद माना टाकून बसली, की हे झाड जास्तच पांढरं व्हायचं.

ते जपायची तिची रीत उलटी होती. आमच्याकडची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. तिनं हातभर खोल माती काढून टाकली अन् मुरूम, वाळू, विटांचा चुरा भरला. शेणखत घालू दिलं नाही. भर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी, पावसाळ्यात थेंब नाही. सावली पडली की पान हिरवं पडतं अन् फांदी लांबट, लुळी होते. पाणी जास्त झालं की मूळ कुजतं. वरून मात्र लवकर कळत नाही. पंधरा दिवस झाड चांगलं दिसतं अन् मग एका दिवसात बसतं.

ती म्हणायची, "ह्याला माया करायची न्हाई. उन्हात टाकायचं अन् इसरायचं."

जायच्या महिनाभर आधी लातूरहून येताना जीपमध्ये ती मला म्हणाली, "माझ्या समाधीवर सिमेंट नका करू. विभूतीची फांदी लावा."

"बरं."

"पावसात न्हाई लावायची. दसरा होऊ द्या. काळी माती काढून मुरूम भरा. अन् कुणाला पाणी घालू देऊ नका."

"बरं म्हणलो ना."

"तुमचं बरं मला ठाऊक हाय. लिंगाला हात लावून सांगा."

मी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगितलं. जीपवाला आरशात बघत होता.

आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून, विभूती अन् बेलपान घालून पुरतात. मल्लम्माला रुद्रभूमीत बसवलं तेव्हा पाऊस अजून लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी आमचे गुरू जंगमस्वामी येऊन गेले. पाहुणे पांगले. त्या दिवसापासून बसम्मा माझ्या भाकरीचं बघू लागली अन् त्याच दिवसापासून तिनं विभूतीला पाणी घालायला सुरुवात केली.

सकाळी एक कळशी, संध्याकाळी एक. आमच्या गल्लीत नळ आठवड्याला येतो. उन्हाळ्यात तर पंधरा-पंधरा दिवस येत नाही. तिच्या घरातलं भरून ठेवलेलं पाणी ती आणून ओतत होती.

मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "बसम्मा, त्याला पाणी चालत न्हाई. अक्का घालत नव्हती."

ती माझ्या भावाची बायको, मल्लम्माला अक्का म्हणायची, मला भावजी. पदर सावरत म्हणाली, "हाव भावजी." अन् संध्याकाळी पुन्हा कळशी.

मी झाडांभोवती तार बांधली. तिनं वरून ओतलं. मी पुन्हा बोललो तेव्हा तिनं दारात उभं राहून मोठ्यानं रडायला घेतलं. "अक्का पाण्यावाचून तरसून गेली हो. तिच्या हातच्या झाडाला तरी पोटभर पिऊ द्या की!"

गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. आमची चुलती भामाबाई समोरच राहते. ती म्हणाली, "बसवंता, स्वतःच्या लेकरांच्या तोंडचं पाणी आणून घालून राहिली बिचारी. अन् तू तिला बोल लावतो?"

संध्याकाळी ईश्वरप्पा ओट्यावर येऊन बसला. माझा भाऊ मऊ माणूस आहे. तंबाखू मळत म्हणाला, "अण्णा, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? आपल्या उदगीरात पाणी घालणारीला कुणी नाव ठेवतं का? लोक हसून राहिले."

"झाड मरंल ईश्वरप्पा."

"पाण्यानं?" तो खरंच हसला. "पाण्यानं झाड मेल्यालं मी तर पहिल्यांदाच ऐकतोय. तसं असतं तर आपल्या जिल्ह्यात जंगल पाहिजे होतं."

मला त्याच घरातून दोन वेळची भाकरी येत होती. तिच्या हातची भाकरी खायची अन् तिच्या हातातली कळशी हिसकायची, हे मला जमेना. वरून पाऊसही लागला. मला वाटलं आता तरी थांबेल. ती पावसात डोक्यावर पोतं घेऊन कळशी ओतत होती. ते बघितलं तेव्हा मला समजलं की ही माया नाही.

पोळ्याच्या सुमारास पहिलं झाड बसलं. मी ते उपटलं. उपटावं लागलंच नाही, हातात आलं. मुळं काळी अन् चिकट, घाण वास. ते तसंच घेऊन मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती पिठलं हाटत होती.

"हे बघ."

तिनं मुळं बघितली. गॅस बारीक केला. ईश्वरप्पा घरात नव्हता. असता तर ती बोलली नसती.

"कुजलं का?"

"कुजलं. तुला आधीपासून ठाऊक होतं."

"अक्कानंच सांगितलं होतं की मला," ती म्हणाली. आवाज साधा होता, भाजीला मीठ किती टाकायचं ते सांगावं तसा. "माझी राणी गेली त्या वर्षी. मी तिच्याकडं एक फांदी मागितली होती. लेकराच्या समाधीवर लावायला. आठवतं का तुम्हाला?"

मला आठवत होतं. राणी त्यांची धाकटी, आठ महिन्यांची होऊन तापानं गेली. बसम्मा फांदी मागायला आली तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मल्लम्मा झाडं छाटत होती. छाटलेल्या फांद्यांचा ढीग बाजूला पडला होता. तिनं मान वर न करता म्हटलं, "न्हाई देत. तुझ्या हातानं काही जगत न्हाई बसम्मा." अन् तो ढीग उचलून उकिरड्यावर टाकला. ती झाडाबद्दल बोलत नव्हती. बसम्माला ते कळलं होतं अन् मलाही.

माझी बायको गोड नव्हती. ज्यांना मूल होत नाही त्या बायकांना जन्मभर जे ऐकावं लागतं ते तिनंही ऐकलं होतं. त्यातलं बरंचसं बसम्माच्याच तोंडून. माझ्या बायकोनं तो एक दिवस गाठून सगळं फेडून टाकलं.

"तेव्हा मी तिला इचारलं होतं," बसम्मा पिठलं ढवळत म्हणाली, "का जगणार न्हाई अक्का? तर म्हणली, तुझ्या हाताला ओल लई. मग म्हणलं बघू. किती ओल हाय ते बघू."

"ती मेली बसम्मा."

"हाव. म्हणून तर." तिनं गॅस बंद केला. "बसा, वाढू का? का डबा पाठवू?"

मी ते झाड उकिरड्यावर टाकलं. संध्याकाळी डबा आला. मी खाल्ला.

दसरा यायच्या आत सगळी झाडं गेली. मरवा तेवढा अर्धामुर्धा उरला. मी ऐनवेळी दोन फांद्या काढून गच्चीवर कुंडीत लावल्या होत्या, पण सगळ्या झाडांच्या अंगात ओल मुरली होती, त्याही काळ्या पडल्या. बिदरला जाऊन आलो. ती नर्सरी आता नव्हती, तिथं मंगल कार्यालय झालं होतं. दुसऱ्या नर्सरीत पांढऱ्या पानांची रोपं होती, पण ती वेगळी. मला मल्लम्माच्या हातचं पाहिजे होतं. लिंगाला हात लावून मी दुसऱ्या कुठल्या झाडाचं नाव घेतलं नव्हतं.

मल्लम्मानं फांदी कुणालाच दिली नव्हती. पण बायका म्हणतात, मागून आणलेलं जगत नाही, चोरून आणलेलं जगतं. मला वाटलं, एवढ्या वर्षांत कुणीतरी चोरली असेल. मी पाहुण्यांना फोन लावत सुटलो. "तुम्ही आमच्या अंगणातली फांदी चोरली होती का?" असं मी विचारायचो. दोघा-तिघांनी फोन ठेवून दिला. बिलोलीच्या साडूनं तर ईश्वरप्पाला फोन करून सांगितलं की अण्णाला डॉक्टरला दाखवा.

नांदेडच्या पुनमला लावला तेव्हा तिनं फोन ठेवला नाही. पुनम म्हणजे मल्लम्माच्या बहिणीची मुलगी, तिकडं शाळेत शिकवते.

"काका, मावशीनं बघितलं होतं का?"

"चोरली होती का, ते सांग."

"एवढीशी होती हो. पर्समध्ये घातली. मावशीला सांगणार होते, पण तिची भीती वाटायची."

"जिवंत हाय का?"

"काय माहीत! गच्चीवर टाकलीय कुठंतरी. बघते."

"बघू नको. हात लावू नको. पाणी तर अजिबात घालू नको. मी येतो."

दसरा होऊन गेला होता. दुसऱ्याच दिवशी मी नांदेडला गेलो. तरोड्याकडं तिचं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर. गच्चीत पाण्याच्या टाकीच्या पलीकडं, जिथं दुपारी उभं राहता येत नाही, तिथं एका फुटक्या बादलीत ते झाड होतं. बादलीत निम्मा बांधकामाचा चुरा. पांढरंशुभ्र. मल्लम्मा होती तेव्हाही आमच्या अंगणातलं एवढं पांढरं नव्हतं.

पुनम माझ्या मागं उभी होती. "काका, खरं सांगते, मी वर्षभर ह्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लाज वाटते."

"तेच बरं केलंस," मी म्हणालो.

"मावशी रागावली असती का?"

"तोंडावर रागावली असती. पण जगवलंस म्हणून मनातून सुखावली असती."

पुनम हसली अन् मग तिचे डोळे भरले. मी बादली उचलली.

एसटीत मी बादली मांडीवर घेतली होती. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ह्या भस्म फासलेल्या महाराजांना कुठं घेऊन निघाले? तिकीट अर्धं लावू का पूर्ण?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. ज्येष्ठानंतर पहिल्यांदाच हसलो असेन.

उदगीरला उतरून घरी गेलोच नाही. सरळ रुद्रभूमीत गेलो. समाधीची काळी माती मी आधीच काढून मुरूम भरून ठेवला होता, वर थोडा उंचवटा केला होता. झाड लावलं. रुजायला हवं म्हणून त्या वेळेपुरतं वाटीभर पाणी दिलं अन् निघालो. घरी कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी बघितलं, नवा शेंडा फुटला होता.

दिवाळीच्या अमावस्येला आमच्या घराण्यात सगळी भावकी समाधीवर जाते. ज्यांचं त्या वर्षी माणूस गेलं त्यांनी आधी पाणी घालायचं, मग बाकीच्यांनी. नवऱ्यानं पहिला तांब्या घालायचा. मला हे ठाऊक होतं, पण मी मनाची समजूत घातली होती की लोकांना सांगू, पायथ्याशी घाला, झाडावर घालू नका. एक दिवसाचं पाणी मुरमातून निघून गेलं असतं.

तीस-चाळीस माणसं जमली. जंगमस्वामी होते. लोक झाड बघून थबकले. भामाबाई म्हणाली, "अगं बाई, हे तर मल्लम्माचं! कुठून आणलं रे?"

बसम्मा मागं उभी होती, कडेवर भरलेली कळशी घेऊन. तिनं झाड बघितलं. मी तिला बघत होतो. तिच्या तोंडावर काही हललं नाही. ती पुढं आली अन् स्वामींच्या पाया पडली.

"स्वामी, माझी जाऊ पाण्यावाचून तडफडून गेली," ती म्हणाली. "मी नवस बोलून राहिले सगळ्यांसमोर. आजपासून सव्वा महिना रोज येऊन एक कळशी पाणी तिच्या समाधीवर घालीन. ह्या झाडावर घालीन. तवा तिचा आत्मा शांत होईल."

बायांनी डोळ्याला पदर लावला. स्वामी म्हणाले, "थोर मन आहे." ईश्वरप्पानं अभिमानानं इकडंतिकडं बघितलं. सव्वा महिना रोज एक कळशी. मुरूम असो की वाळू, त्या झाडाचं मूळ वाचणार नव्हतं. अन् नवस बोलला म्हणजे आता तिला कुणी अडवणार नव्हतं.

स्वामींनी माझ्या हातात तांब्या दिला. "बसवंतप्पा, तुमच्यापासून."

मी तांब्या खाली ठेवला. "ह्या झाडाला पाणी चालत न्हाई. मल्लम्मानं शपथ घातली होती. कुणीच घालायचं न्हाई."

भामाबाई पुढं आली. "जितेपणी कपाटाला कुलूप लावून ठेवलंस. एका घोटासाठी हात जोडताना मी बघितलंय तिला. आता मेल्यावर पण न्हाई का देणार? माणूस हायस का कोण हायस तू?"

"अण्णा, घाल की," ईश्वरप्पा हळूच म्हणाला. "तमाशा नको."

"घालत न्हाई."

"मग बाजूला सर. बसम्माला घालू दे."

बसम्मा कळशी घेऊन माझ्यासमोर आली. इतकी जवळ की कळशीतलं पाणी माझ्या पायावर सांडलं. तिला ठाऊक होतं की मी तिच्या अंगाला हात लावू शकत नाही. भावाची बायको. अन् ती मला हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "सरा भावजी. किती दिस राखण करशाल?"

तिचं खरं होतं. मी एक दिवस उभा राहू शकलो असतो. सव्वा महिना नाही. तिला थांबवायचं असेल तर तिनं स्वतःहून पाऊल मागं घ्यायला पाहिजे होतं. तिचं पाऊल कशानं मागं जातं ते मला एकच ठाऊक होतं. मल्लम्मानं मला ते दाखवून ठेवलं होतं.

मी मोठ्यानं बोललो. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"न्हाई बसम्मा. तुझ्या हातानं काही जगत न्हाई. झाड न्हाई अन् लेकरूही न्हाई. राणीला बघ की, तिकडं कोपऱ्यात हाय."

मी बोटानं दाखवलं. लहान लेकरांच्या समाध्या तिकडं कुंपणाच्या कडेला आहेत. सगळ्यांनी तिकडं बघितलं. मी रागात बोललो नाही. नीट ठरवून, शब्द जुळवून बोललो.

बसम्मानं कळशी खाली ठेवली, सांडली नाही, नीट ठेवली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"मला वाटलं होतं अक्का गेली," ती म्हणाली.

अन् वळून चालायला लागली. ईश्वरप्पा माझ्याकडं बघत राहिला. मग तोही तिच्या मागं गेला. भामाबाई माझ्या पायाजवळ थुंकली. स्वामींनी आपली झोळी उचलली. हळूहळू सगळी माणसं निघून गेली. तांब्या तसाच भरलेला राहिला. कुणी एक थेंब घातला नाही.

त्या दिवसापासून डबा बंद झाला. ईश्वरप्पानं अंगणात मधोमध पत्रे मारून घेतले, त्यामुळं माझ्या बाजूला आता दुपारनंतर सावली पडते. तिथं तसंही काही उरलेलं नाही. मी स्वतःची भाकरी थापतो, जाड होते. बसम्मा सहा महिने घराबाहेर पडली नाही असं गल्लीत बोलतात. पहाटे कधीतरी पत्र्यापलीकडून तिचा खोकला ऐकू येतो. नवस तिनं मोडला. त्याचं पाप तिच्या माथी का माझ्या, ते मी स्वामींना विचारलं नाही. ते माझ्याकडं येतही नाहीत.

मल्लम्माचं झाड जगलं. ह्या उन्हाळ्यात मांडीएवढं झालं, आडवंही पसरलं. दुपारी लांबून बघितलं तर समाधीवर कुणी ताजी विभूती ओतून गेलंय असं वाटतं. मी पंधरा दिवसांनी जातो, वाळकी फांदी काढतो, परत येतो. दुसरं काही करत नाही. तिनं सांगितलं तसंच.

बसम्माची कळशी अजून तिथंच आहे. त्या दिवशी ठेवली तिथंच. घेऊन जायला कुणी आलं नाही. मागच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, तेव्हा ती पुन्हा गळ्यापर्यंत भरली होती. मी ती उचलून कुंपणापर्यंत नेली, राणीच्या समाधीच्या अलीकडं पाणी ओतलं, अन् परत आणून जागच्या जागी पालथी घातली.